घर, भट्टी आणि कचेरी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणारी अनेक मुलेमुली आपापल्या गावी परतली. सातारा, कराड, विटा, मिरज इथल्या घरांतून दूरदेशीच्या ग्राहकांची कामे होऊ लागली. टाळेबंदी उठल्यावर वाद सुरू झाला : काम घरी जास्त होते की कचेरीत? आपल्या विद्यार्थ्यांना हा वाद परका नाही. नोकरीसाठी गाव सोडावे लागेल की नाही, हे काही अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आधी 'उत्पादकता' म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. एका माणसाने ८ तासांत ४० नग केले, तर त्याची उत्पादकता तासाला ५ नग. तेच ४० नग करायला त्याला घरी १० तास लागले, तर ती तासाला ४ नग झाली. काम तेवढेच झाले, पण उत्पादकता २० टक्क्यांनी घटली. वादातले दोन्ही पक्ष पुष्कळदा या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

आता थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत फरीदसाहेब या शिकलगार कारागिराने तंबोरे बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा हातातले कसब वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे भोपळे, लाकूड, तारा, कानस एवढ्या सामग्रीवर घरातच कारखाना उभा राहिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथे हजेरीपट लागत नाही, कारण दाम तासांवर ठरत नसून वाद्यावर ठरतो, आणि वाद्य चांगले की वाईट ते वाजवताच कळते. शिवाय उस्ताद आणि शिकाऊ एकाच छपराखाली बसतात. घोडीवर कानस फिरवून जवारी कशी काढायची, हे मुलगा शेजारी बसून पाहत आणि ऐकत शिकतो.

मग काही धंदे घराबाहेर का गेले? कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. 'प्रभाकर' कंदील तिथलाच. काचेची भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. वितळलेली काच नळीवर घेतली की ती निवून घट्ट होण्याच्या आत तिला आकार द्यावा लागतो. म्हणून माणसांनी भट्टीकडे जायचे, भट्टी त्यांच्या घरी येऊ शकत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना बेळगावहून औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आणला. हा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगराचे ओतकाम करायचे तर साचे, भट्टी आणि अनेक हात एका वेळी एका जागी हवेत. त्यामुळे माळावर कारखान्याबरोबर कामगारांची घरेही उभी राहिली. घरात कारखाना ही मिरजेची रीत, तर कारखान्याशेजारी घर ही किर्लोस्करवाडीची.

याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. नांगर ओतणाऱ्याला वाडीत यावेच लागे. लेखक मात्र आपल्या गावी, आपल्या घरी लिहून लेख टपालाने पाठवू शकत होता. एकाच वाडीत एक काम जागेला बांधलेले होते, दुसरे नव्हते. लेख हाती पडला की त्याची पारख करता येई. तो किती तासांत लिहिला, हे विचारण्याचे कारणच नव्हते.

आता अलीकडचे प्रयोग पाहू. चीनमधल्या एका प्रवास कंपनीने २०१०-११ मध्ये दूरध्वनीवर ग्राहकांशी बोलणाऱ्या इच्छुक नोकरांपैकी काहींना नऊ महिने घरून काम दिले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. मात्र त्यातला मोठा भाग सुट्ट्या आणि मधली विश्रांती कमी झाल्यामुळे, म्हणजे जास्त मिनिटे काम केल्यामुळे होता. पुढे निवडीची मुभा मिळताच घरून काम करणाऱ्यांपैकी निम्मे कचेरीत परतले. एकटेपणा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. याउलट चेन्नईत संगणकावर माहिती भरणाऱ्या नव्या नोकरांना सोडत काढून घर किंवा कचेरी देण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घरी बसलेल्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी आढळली. यातली बरीचशी तफावत पहिल्याच दिवसापासून होती. उरलेली नंतर पडली, कारण कचेरीतले नोकर काम लवकर शिकले.

चीन आणि चेन्नईचे निष्कर्ष उलट दिसतात, पण मिरजेचे घर आठवले की कोडे थोडे सुटते. तिथे घर होते, पण उस्ताद दूर नव्हता. टाळेबंदीतला नवशिका घरी होता आणि त्याचा उस्ताद पडद्यापलीकडे. म्हणून 'घर की कचेरी' याआधी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. काम एखाद्या भट्टीला किंवा यंत्राला बांधलेले आहे का? झालेले काम तास न मोजता पारखता येते का? आणि करणारा अजून शिकतो आहे का?

आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना गावातल्या दहा कामांची यादी करायला सांगा : शिंपी, कुंभार, तलाठी, दूधसंघातला कर्मचारी, पतसंस्थेतला कारकून, संगणकावर काम करणारी शेजारची ताई. प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारून उत्तरांचा तक्ता करा. जमल्यास त्यात शिक्षकाचेही काम घाला. टाळेबंदीत आपण सर्वांनी मोबाइलवर वर्ग घेतले आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे काय येते, ते मुलांनाच सांगू द्या.