गॅरेजमध्ये घडलेली विद्युत गाडी

भिलाईतील वैशाली नगर ही पोलाद कारखान्याच्या सान्निध्यात वाढलेली वस्ती. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि तिच्यामागोमाग जोडारी, वेल्डर, मोटर गुंडाळणारे अशा कारागिरांच्या पिढ्या या परिसरात घडल्या. अशा गावात एखाद्याने जुनी दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडी घरच्या अंगणात उभी करून तिचे इंजिन उतरवायचे आणि जागी विद्युत मोटर बसवायची म्हटले, तर लागणारे हात शोधायला लांब जावे लागणार नाही. अडचण येईल ती दोन ठिकाणी: बॅटरीच्या वजनाशी आणि कायद्याच्या कलमाशी. या दोन्ही अडचणींना मोठा इतिहास आहे.

विद्युत गाडी ही एकविसाव्या शतकाची देणगी नव्हे. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला, आणि ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी ती जगातील पहिली रस्त्यावरची गाडी विद्युत होती. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील सुमारे एक तृतीयांश गाड्या विजेवर चालत. पुढे पेट्रोल स्वस्त झाले आणि १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विद्युत स्टार्टर आला. हाताने हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याचे कष्ट संपले, तशी विद्युत गाडीची मागणीही ओसरत गेली. विजेच्या एका छोट्या मोटरीनेच पेट्रोल इंजिनाचा विजय सोपा केला, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

त्यानंतरच्या अर्धशतकात मोठ्या कारखान्यांनी हा विषय जवळजवळ सोडून दिला. तो जिवंत राहिला हौशी मंडळींमुळे. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात अशा मंडळींची ‘इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. त्याच सुमारास कॅलटेकचा विद्यार्थी वॉली रिपेल याने १९५८ सालची फोक्सवॅगन बस विजेवर आणली आणि एमआयटीच्या विद्यार्थ्यांना शर्यतीचे आव्हान दिले. २६ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलटेकची बस पॅसाडेनाहून पूर्वेकडे आणि एमआयटीची शेव्हरोले कॉर्व्हेअर केंब्रिजहून पश्चिमेकडे निघाली. वाटेत ५४ ठिकाणी चार्जिंगची सोय केली होती. अ‍ॅरिझोनात कॅलटेकची मोटर जळाली आणि ती बदलण्यात जवळपास एक दिवस गेला. एमआयटीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या इतक्या तापत, की त्यांच्यावर बर्फ घालावा लागे. एमआयटीची गाडी आधी पोहोचली, परंतु अखेरचा टप्पा तिला ओढून न्यावे लागले होते. दंडाचा वेळ मिळवल्यावर विजय कॅलटेकच्या साध्या, जड शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या बसला मिळाला.

या शर्यतीतून जे दिसले, ते आकड्यांतही मांडता येते. एका किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. चाळीस लिटरची टाकी म्हणजे साधारण ३० किलो पेट्रोल, म्हणजेच सुमारे ३६० किलोवॅट-तास. जुने इंजिन यातील जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते. बाकीची उष्णता होऊन निघून जाते. विद्युत मोटरीची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास असल्याने तेवढ्याच प्रवासाला सुमारे ८० किलोवॅट-तास पुरतात. मात्र शिसे-आम्ल बॅटरीच्या एका किलोत अवघी ३५ वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणून त्यासाठी २,३०० किलो बॅटरी लागेल. जुनी छोटी स्पोर्ट्‌स गाडी स्वतःच सुमारे एक टनाची. तिच्यावर तिच्या दुपटीहून अधिक ओझे घातले, तर ब्रेक, स्प्रिंगा आणि वळणावरचा तोल यांपैकी काहीही मूळचे उरणार नाही. हेच गणित लिथियम-आयन संचाने केले, तर उत्तर सुमारे ५०० किलो येते. मोटर पूर्वीही चांगलीच होती. अडत होते ते ऊर्जेच्या साठ्यापाशी.

घरी केलेल्या रूपांतरांनी हीच मर्यादा वारंवार उघड केली. २००० साली जे. बी. स्ट्राबेल या तरुण अभियंत्याने १९८४ सालची मोडकळीस आलेली पोर्शे ९४४ घेतली आणि शिसे-आम्ल बॅटऱ्यांवर चालवली. गाडीने विद्युत गाड्यांच्या वेगस्पर्धेत विक्रम केला, पण एका चार्जिंगमध्ये ती सुमारे ५० किलोमीटरच जाई. लांबच्या प्रवासासाठी त्याला पेट्रोल इंजिन बसवलेला एक जोडगाडा गाडीला जोडावा लागला. विक्रमी वेग आणि अपुरी धाव, दोन्ही एकाच गाडीत होती.

दरम्यान वॉली रिपेल, अ‍ॅलन कोकोनी आणि पॉल कॅरोसा यांनी १९९२ मध्ये ‘एसी प्रोपल्शन’ ही छोटी कंपनी काढली होती. तिने १९९७ मध्ये एका हौशी जोडणीच्या स्पोर्ट्‌स गाडीच्या सांगाड्यावर ‘टीझिरो’ उभी केली. आरंभी तिच्यात शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या. २००३ मध्ये त्या काढून लॅपटॉपमध्ये वापरतात तसले सुमारे ६,८०० लिथियम-आयन सेल बसवले, तेव्हा गाडी हलकी झाली आणि तिची धाव कितीतरी पटींनी वाढली. ती पाहून प्रेरित झालेल्यांत टेस्लाचे संस्थापक होते. २००८ मध्ये आलेली टेस्ला रोडस्टर लोटस एलिसच्या सांगाड्यावर आधारित होती आणि तिच्यात ६,८३१ सेल होते. स्ट्राबेल त्या कंपनीचा तंत्रप्रमुख झाला. जगाचा वाहनउद्योग बदलणारी गाडी म्हणजे एका अर्थी इंजिन काढून मोटर बसवण्याच्या जुन्या हौसेचीच पुढची पायरी होती.

भारतात या हौसेला कायद्याने दार पूर्णपणे बंद केलेले नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते. मात्र बॅटरी, सीएनजी, सौरऊर्जा अशा निराळ्या ऊर्जास्रोतावर वाहन चालावे म्हणून रूपांतर संच बसवण्याची मुभाही तेच कलम देते. संचांच्या कसोटीसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे आणि पुण्याची ‘एआरएआय’ ही अशा चाचण्या करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक. परंतु ही सारी रचना संच बनवणाऱ्या उत्पादकाला समोर ठेवून केलेली आहे. अंगणात एकच गाडी घडवणाऱ्या माणसाला चाचण्यांचा तो खर्च पेलणारा नाही.

दुसरा प्रश्न वारशाचा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विशेष नोंदणी मिळते. इंजिन बदलले की तो मान गमावण्याची वेळ येते. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ हिनेही २०१९ मध्ये स्पष्ट केले, की विजेवर आणलेली गाडी ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. त्याच वेळी तिने एक व्यवहार्य सल्लाही दिला: बदल उलटवता येईल असा करावा आणि मूळ भाग सांभाळून ठेवावेत.

सुरक्षिततेचा आग्रह अनाठायी नाही. शेकडो व्होल्टचा संच चुकीच्या हातांनी जोडला, तर आग आणि मृत्यू दोन्ही शक्य आहेत. तथापि रिपेलची बस आणि स्ट्राबेलची पोर्शे एखाद्या कडक मंजुरीच्या दारात अडली असती, तर शिसे-आम्ल बॅटरीची मर्यादा रस्त्यावर अनुभवलेली माणसे पुढच्या प्रयोगांना कदाचित मिळाली नसती. म्हणून एकेका गाडीची तपासणी माफक शुल्कात करणारी व्यवस्था अभियांत्रिकी महाविद्यालये आणि परिवहन कार्यालये यांनी मिळून उभारणे, हा मधला मार्ग ठरू शकतो. भिलाईसारख्या गावात हात आहेत, अवजारे आहेत. प्रयोगाला कायदेशीर रस्ता मिळाला, तर पुढचा रिपेल एखाद्या वैशाली नगरातूनही येऊ शकेल.