सिंगापूरचा किनारी तोफखाना : समज आणि वास्तव

प्रस्तावना :
१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरमधील ब्रिटिश सैन्याने जपानपुढे शरणागती पत्करली. ‘तोफांची तोंडे समुद्राकडे होती आणि शत्रू पाठीमागून आला’ असे या पराभवाचे कारण लोकप्रिय लेखनातून वारंवार सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा केली आहे.

पार्श्वभूमी :
ब्रिटनने १९२१ साली सिंगापूर येथे नाविक तळ उभारण्याचे ठरविले. युद्धप्रसंगी मुख्य आरमार युरोपातून येईपर्यंत हा तळ टिकवून धरणे, हे किनारी तोफखान्याचे कार्य होते. प्रारंभी काही आठवड्यांचा गृहीत धरलेला हा काळ १९३९ पर्यंत १८० दिवसांवर गेला. बेटावर १५ इंची पाच तोफा बसविण्यात आल्या. त्यांपैकी तीन चांगी येथील जोहोर बॅटरीत, तर दोन बुओना व्हिस्टा येथे होत्या. त्यांच्या जोडीला ९.२ इंची व ६ इंची तोफाही होत्या. जोहोरच्या सुलतानाने १९३५ मध्ये दिलेल्या पाच लाख पौंडांच्या देणगीमुळे चांगीच्या बॅटरीस ‘जोहोर’ हे नाव मिळाले. किनारी व विमानविरोधी तोफखान्यात हाँगकाँग अँड सिंगापूर रॉयल आर्टिलरी या दलातील भारतीय गोलंदाजही होते.

प्रत्यक्ष युद्धातील भूमिका :
जपानी सैन्य ८ फेब्रुवारीच्या रात्री वायव्य किनाऱ्यावर उतरले. त्यानंतरच्या दिवसांत जोहोर बॅटरीच्या तोफांनी उत्तरेकडे वळून जमिनीवरील लक्ष्यांवर मारा केला. म्हणजेच तोफा वळू शकत नव्हत्या, हे विधान सरसकट खरे नाही. खरी उणीव दारूगोळ्याची होती. १५ इंची तोफांचे गोळे युद्धनौकांचे चिलखत भेदण्यासाठी बनविलेले होते. मऊ जमिनीत ते खोल रुतत आणि विखुरलेल्या पायदळाची फारशी हानी होत नसे. त्यातच १० डिसेंबर १९४१ रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ व ‘रिपल्स’ या युद्धनौका बुडाल्या होत्या. हवाई बळ अपुरे होते आणि उत्तर किनाऱ्यावर कायमस्वरूपी तटबंदी नव्हती. ज्या आरमाराच्या प्रतीक्षेसाठी तोफा उभ्या केल्या, ते आलेच नाही. शरणागतीपूर्वी ब्रिटिशांनी स्वतःच या तोफा निकामी केल्या.

निष्कर्ष :
तोफांच्या दिशेला दोष दिल्याने संपूर्ण पराभव एका तांत्रिक चुकीत सामावतो आणि दोन दशकांच्या धोरणात्मक गृहीतकांची जबाबदारी नजरेआड होते. भारतीय अभ्यासकांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी फॅरर पार्क येथे सुमारे ४० हजार भारतीय युद्धकैद्यांना जपानी सैन्याच्या स्वाधीन करण्यात आले आणि आझाद हिंद सेनेच्या उभारणीस तेथून चालना मिळाली. चांगीची भुयारे १९९१ मध्ये पुन्हा सापडली व २००२ मध्ये तेथे तोफेची प्रतिकृती मांडण्यात आली. स्मारकाने तोफ जतन होते. तिच्यामागील निर्णयांची चिकित्सा मात्र इतिहासकारालाच करावी लागते.