समजुतीतला ईश्वर : अमेरिकेतील मद्यमुक्ती-मंडळांतील धर्माचे स्थान

व्यसनी माणसांनी परस्परांच्या साहाय्यासाठी स्वतःच स्थापन केलेल्या मंडळांत धर्माचे नेमके स्थान कोणते, ह्या प्रश्नाला सामान्यतः दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. एका पक्षाच्या मते ही मंडळे म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचाराचेच एक वेषांतर होय. दुसऱ्या पक्षाच्या मते त्यांतील ईश्वराचा उल्लेख केवळ औपचारिक असून, ती वस्तुतः मानसिक उपचारांची साधी साधने आहेत. ही दोन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीस पुरती उतरत नाहीत. प्रस्तुत लेखात इ. स. १९३५ मध्ये अमेरिकेत उदयास आलेल्या ‘अल्कोहॉलिक्स अनॉनिमस’ ह्या मंडळाच्या वाटचालीवरून ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ह्या मंडळाने धर्माकडून आचार घेतले, सिद्धांत मात्र बुद्धिपुरस्सर सैल ठेवला; आणि हा सैलपणा सदस्यत्व ऐच्छिक होते तोवरच निर्धोक राहिला, असे आमचे प्रतिपादन आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ १९३५ च्या पुष्कळ आधी होतो. एप्रिल १८४० मध्ये बाल्टिमोर शहरातील एका मद्यालयात बसणाऱ्या सहा मित्रांनी मद्यत्यागाची प्रतिज्ञा केली आणि पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या नावावरून आपल्या मंडळास ‘वॉशिंग्टन संयम मंडळ’ असे नाव दिले. तत्पूर्वीची मद्यविरोधी चळवळ प्रायः धर्मोपदेशकांच्या हाती होती आणि मद्यपी हा तिच्या लेखी सुधारण्यापलीकडे गेलेला पापी होता. वॉशिंग्टन मंडळाच्या सभांत प्रवचनाची जागा अनुभवकथनाने घेतली. कालचा मद्यपी आजच्या मद्यपीसमोर उभा राहून स्वतःची कहाणी सांगू लागला. फेब्रुवारी १८४२ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील ह्याच पंथाच्या सभेत अब्राहम लिंकन ह्यांनी भाषण करून मद्यपीची निर्भर्त्सना करण्यापेक्षा त्याचे मन वळविणे श्रेयस्कर, अशी बाजू मांडली होती. परंतु ह्या मंडळात धर्माला स्थान नाही, हाच आक्षेप घेऊन अनेक धर्मोपदेशक त्याच्याविरुद्ध गेले. पुढे मद्यबंदीच्या राजकीय वादांत मंडळाची शक्ती विभागली गेली आणि ते दशक संपण्यापूर्वीच ही चळवळ बहुतांशी ओसरली. केवळ अनुभवकथन आणि प्रतिज्ञा ह्यांच्या बळावर लोक जमतात, पण जमलेले लोक टिकून राहण्यास नियमित आचाराची चौकट लागते, एवढा बोध ह्या प्रकरणातून निघतो.

अशी चौकट पुढे दिली ती ‘ऑक्सफर्ड ग्रूप’ ह्या ख्रिस्ती पुनरुज्जीवनवादी चळवळीने. फ्रँक बुकमन ह्या अमेरिकन लूथरपंथी धर्मोपदेशकाने १९२० नंतरच्या दशकात ती उभी केली. प्रामाणिकपणा, पावित्र्य, निःस्वार्थता आणि प्रेम ह्या चार गुणांचे निरपवाद आचरण हे तिचे ध्येय होते. आपल्या दोषांचे सहकाऱ्यांसमोर निवेदन, ज्यांची हानी केली त्यांच्याकडे जाऊन परिमार्जन, दररोज शांतपणे बसून ईश्वरी मार्गदर्शनाची प्रतीक्षा आणि आपला अनुभव दुसऱ्यास सांगणे, ही तिची साधने होत. हीच चळवळ १९३८ पासून ‘मॉरल रीआर्मामेंट’ ह्या नावाने ओळखली गेली आणि १९६० नंतरच्या दशकात तिचे एक केंद्र पाचगणी येथे उभे राहिले, हे महाराष्ट्रातील अभ्यासकांस परिचित असेलच. मद्यपींचा उद्धार हे तिचे उद्दिष्ट कधीही नव्हते. तथापि तिच्या साधनांनी काही मद्यपींस लाभ झाला.

अशाच एका जुन्या मित्राच्या भेटीनंतर न्यूयॉर्कचा शेअरबाजारातील एक अपयशी विश्लेषक, विल्यम विल्सन, डिसेंबर १९३४ मध्ये टाउन्स रुग्णालयात दाखल झाला. तेथे त्याला तीव्र स्वरूपाची आध्यात्मिक अनुभूती आली आणि त्यानंतर त्याने मद्याला कधीही स्पर्श केला नाही. ह्या अनुभूतीचा अर्थ लावण्यासाठी त्याने धर्मग्रंथाचा नव्हे, तर विल्यम जेम्स ह्या मानसशास्त्रज्ञाच्या धार्मिक अनुभवांवरील १९०२ च्या ग्रंथाचा आधार घेतला. जेम्स ह्यांनी धर्मानुभवाची परीक्षा त्याच्या सिद्धांतावरून न करता त्याच्या फलावरून केली होती. विल्सनच्या पुढील विचारावर ह्या दृष्टीची छाप स्पष्ट दिसते. मे १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अॅक्रन येथे व्यवसायानिमित्त गेला असता पुन्हा मद्याकडे ओढ लागल्याने त्याने दुसरा एखादा मद्यपी शोधण्याची धडपड केली. ऑक्सफर्ड ग्रूपमधील एका महिलेने त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्या शल्यविशारदाशी घालून दिली. त्याच वर्षीचा १० जून हा मंडळाचा स्थापनादिन मानला जातो. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. विल्सनला स्वतःचा संयम टिकविण्यासाठी श्रोत्याची गरज होती. म्हणजे उपदेश करणारा आणि ऐकणारा ह्यांतील परंपरागत अंतर ह्या भेटीत मुळातच नाहीसे झाले होते.

आरंभीची काही वर्षे हे मद्यपी ऑक्सफर्ड ग्रूपच्याच छायेत वावरले. परंतु निरपवाद सद्गुणांचा आग्रह, प्रसिद्धीची हौस आणि वजनदार लोकांना जिंकण्याची आकांक्षा ह्या त्या चळवळीच्या गोष्टी मद्यपींस मानवेनात. न्यूयॉर्क येथील गट १९३७ मध्ये तिच्यापासून अलग झाला आणि अॅक्रन येथील गट १९३९ च्या अखेरीस. ह्या फारकतीस एक निव्वळ सांप्रदायिक कारणही होते. ऑक्सफर्ड ग्रूपचे स्वरूप प्रॉटेस्टंट असल्यामुळे कॅथलिक मद्यपींची त्यांच्या धर्मसंस्थेच्या नियमांमुळे अडचण होई. मे १९३९ मध्ये क्लीव्हलंड येथे जो स्वतंत्र गट निघाला, त्याच्यामागे हीच अडचण होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया ह्या कॅथलिक जोगिणीने डॉ. स्मिथ ह्यांच्या साहाय्याने मद्यपींना प्रवेश देण्यास प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी सेंट लुइस येथील एडवर्ड डाउलिंग ह्या जेझुइट धर्मगुरूंनी विल्सनची भेट घेतली आणि मंडळाच्या बारा पायऱ्या व आपल्या पंथाची आध्यात्मिक साधना ह्यांतील साम्य त्याच्या नजरेस आणून दिले. एका संप्रदायाच्या कुशीत जन्मलेले साधन दुसऱ्या संप्रदायास आपलेसे वाटू लागले, ते त्याने पहिल्याचा सिद्धांत टाकून दिल्यामुळेच.

ह्या बारा पायऱ्यांचा मसुदा विल्सनने १९३८ च्या अखेरीस तयार केला आणि एप्रिल १९३९ मध्ये मंडळाच्या नावाचाच ग्रंथ प्रसिद्ध झाला. मधल्या काही महिन्यांत न्यूयॉर्कच्या गटात जो वाद झाला, तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. विल्सनने त्याचा वृत्तांत १९५७ च्या आपल्या ग्रंथात दिला आहे. एका धर्मोपदेशकाचा मुलगा असलेल्या सदस्याचे म्हणणे असे की, ग्रंथ उघडपणे ख्रिस्ती असावा. ह्याच्या उलट दोन सदस्यांचा ईश्वर ह्या शब्दासच विरोध होता. दाराशी येणारा मद्यपी तो शब्द ऐकून परत जाईल, अशी त्यांना भीती वाटे. बहुसंख्य सदस्य ह्या दोहोंच्या मध्ये होते. अखेर तडजोड झाली. दुसऱ्या पायरीत ईश्वराऐवजी स्वतःहून श्रेष्ठ अशा शक्तीचा उल्लेख आला. तिसऱ्या आणि अकराव्या पायरीत ईश्वर राहिला. पण ज्याला तो जसा समजला असेल तसा, अशी पुस्ती त्यास जोडण्यात आली. सातव्या पायरीतील गुडघे टेकण्याचा उल्लेख वगळला गेला. शिवाय ह्या साऱ्या पायऱ्या आज्ञारूप नसून सूचनारूप आहेत, असे प्रास्ताविकात म्हटले गेले.

ही तडजोड तत्त्वचिंतनातून निष्पन्न झाली नव्हती. मरणाच्या दारातून परत आलेल्या थोड्या माणसांना एकत्र राहणे भाग होते, आणि कोणत्याही एका पक्षाचा विजय दुसऱ्या पक्षाच्या सदस्यांस पुन्हा मद्याकडे लोटू शकला असता. ह्या व्यावहारिक निकडीमुळेच ईश्वराची व्याख्या ज्याची त्याच्यावर सोपविण्यात आली. मात्र आचाराच्या बाबतीत अशी सवलत देण्यात आलेली दिसत नाही. आत्मपरीक्षण, दुसऱ्या माणसासमोर दोषनिवेदन, झालेल्या हानीचे परिमार्जन, नित्य चिंतन आणि इतर मद्यपींची सेवा ही ऑक्सफर्ड ग्रूपची साधने बारा पायऱ्यांत जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहेत. एका देवतेच्या जागी अनेक इष्टदेवता चालतील, पण व्रताचे नियम सर्वांना सारखेच, असा हा प्रकार आपल्या परिभाषेत सांगता येईल.

ह्यानंतरची पायरी संघटनेची होती. मंडळाच्या मुखपत्रात १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि १९५० च्या क्लीव्हलंड येथील अधिवेशनात संमत झालेली बारा संकेतसूत्रे पाहिली, तर वॉशिंग्टन मंडळाच्या अधोगतीचे स्मरण त्यांमागे असल्याचे जाणवते. मंडळाने बाह्य वादांविषयी मत देऊ नये, बाहेरच्या देणग्या स्वीकारू नयेत, सदस्यांनी सार्वजनिक प्रसिद्धीत अनामिक राहावे, असे हे नियम आहेत. त्यांतील तिसरे सूत्र सर्वांत अर्थपूर्ण आहे. सदस्यत्वासाठी मद्य सोडण्याच्या इच्छेखेरीज अन्य कोणतीही अट नाही, असे ते सांगते. श्रद्धेची अट नाही, पायऱ्या मान्य करण्याचीही नाही. ह्या सूत्राने प्रवेशद्वार पूर्णपणे उघडले; पण आतील वातावरणाविषयी ते काहीच बोलत नाही. अमेरिकेतील असंख्य सभा अनेक वर्षे ख्रिस्ती प्रभुप्रार्थनेने संपत आल्या आहेत. ज्याला ती प्रार्थना परकी वाटते, त्याला दार उघडे असूनही उंबरठ्यावर थबकावे लागे. नास्तिक आणि अज्ञेयवादी सदस्यांचे स्वतंत्र गट शिकागोत १९७५ पासून निघू लागले. त्याच वर्षी स्त्रियांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही वेगळी संस्था स्थापन झाली. आधीच आत्मविश्वास हरवलेल्या स्त्रीला शरणागतीची भाषा हितकर नाही, अशी तिच्या संस्थापिकेची भूमिका होती. ईश्वराचा आधार न घेणारे ‘स्मार्ट रिकव्हरी’ हे मंडळ १९९४ मध्ये पुढे आले.

परंतु खरा पेच निर्माण झाला तो राज्यसंस्थेमुळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील न्यायालये आणि तुरुंग अपराध्यांना मद्यमुक्ती-सभांना हजर राहण्याची अट घालू लागले. जो मनुष्य स्वतःच्या पायांनी येतो, त्याला ईश्वराचा अर्थ आपल्या मनाप्रमाणे लावता येतो, किंवा उठून जाता येते. ज्याला तुरुंगाच्या भीतीने आणून बसविले आहे, त्याच्या बाबतीत हे दुसरे स्वातंत्र्यच नसते, आणि त्यामुळे पहिलेही पोकळ ठरते. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका कैद्याच्या प्रकरणात ह्याच मुद्द्यावर निर्णय दिला. कुटुंबीयांच्या विशेष भेटीची सवलत ह्या मंडळाच्या धर्तीवरील कार्यक्रमाशी बांधणे घटनाबाह्य आहे, असे त्याने ठरविले. त्याच वर्षी सातव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने विस्कॉन्सिन येथील कैद्याच्या बाजूने निकाल दिला. १९९७ मध्ये दुसऱ्या विभागाच्या आणि २००७ मध्ये नवव्या विभागाच्या न्यायालयाने असेच निकाल दिले. ह्यांतील शेवटच्या प्रकरणातील वादी बौद्ध होता. न्यायालयांनी ह्या सभांना वाईट म्हटले नाही, त्या बंदही केल्या नाहीत. पर्यायी निधर्मी कार्यक्रम उपलब्ध न करता त्यांची सक्ती करणे म्हणजे शासनाने धर्माची सक्ती करणे होय, एवढेच त्यांनी सांगितले.

मंडळाच्या अंतर्गतही हा वाद मिटलेला नव्हता. टोराँटो शहरात २०११ मध्ये दोन अज्ञेयवादी गटांनी पायऱ्यांतील ईश्वराचे उल्लेख बदलून वापरल्याच्या कारणावरून स्थानिक समन्वय समितीने त्यांची नावे सभांच्या यादीतून काढून टाकली. प्रकरण मानवी हक्क न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये ती नावे पुन्हा यादीत आली. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये झालेला वादच येथे पुन्हा उभा राहिलेला दिसतो. फरक इतकाच की, तेव्हा शब्द घडत होते, म्हणून तडजोड शक्य झाली. पुढे त्याच शब्दांना ग्रंथाची प्रतिष्ठा प्राप्त झाली आणि तडजोडीतून जन्मलेले वाक्यच तडजोडीच्या आड आले.

ह्या पद्धतीच्या फलाविषयी विश्वसनीय पुरावा दीर्घकाळ विरळ होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींच्या माहितीची छाननी करण्यात आली. मंडळाकडे वळविणाऱ्या सुसूत्र उपचारपद्धतीने अखंड मद्यत्यागाच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा त्यांहून सरस फल दिले, असा तिचा निष्कर्ष आहे. मात्र हे फल श्रद्धेचे की सोबतीचे, हा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. मंडळात येणाऱ्याची संगत बदलते, त्याच्या संयमाची वाट पाहणारी माणसे त्याला लाभतात, आणि दुसऱ्याला सावरताना तो स्वतः सावरतो. ही सर्व कारणे आस्तिकाला आणि नास्तिकाला सारखीच लागू पडतात.

भारतात ह्या मंडळाचे कार्य १९५७ मध्ये सुरू झाले आणि पुढे मुंबईसारख्या शहरांत त्याच्या सभा भरू लागल्या. ईश्वर आपापल्या समजुतीप्रमाणे मानण्याची कल्पना आपल्या समाजाला नवखी नाही. म्हणून अमेरिकेत जो शब्द वादाचे मूळ ठरला, तो येथे त्या मानाने सहज खपून जातो. पण ह्या सहजतेतही एक धोका आहे. जेथे ईश्वराचे नाव कोणालाच खटकत नाही, तेथे ज्याला ते खटकते तो अल्पसंख्य मनुष्य अधिकच एकटा पडतो. आणि एकटेपणा हाच मद्यपीचा सर्वांत जुना वैरी होय.

सारांश, मद्यमुक्ती-मंडळांत धर्माचे कार्य सिद्धांत शिकविण्याचे नसून आचाराची चौकट पुरविण्याचे आहे, असे ह्या इतिहासावरून दिसते. वॉशिंग्टन मंडळापाशी अनुभव होता, चौकट नव्हती. ऑक्सफर्ड ग्रूपपाशी चौकट होती, पण तिच्यात सर्वांना जागा नव्हती. १९३८ च्या तडजोडीने ह्या दोहोंचा मेळ घातला. ही तडजोड दोन आधारांवर उभी आहे : येणाऱ्याने स्वेच्छेने यावे, आणि आत असलेल्यांनी शब्दांपेक्षा माणूस मोठा मानावा. तुरुंगाच्या सक्तीने पहिला आधार ढासळतो, तर ग्रंथाच्या अभिमानाने दुसरा. हे दोन्ही आधार जेथे शाबूत आहेत, तेथे ईश्वर मानणारा आणि न मानणारा असे दोघेही एकाच बाकावर बसून आजचा दिवस मद्यावाचून काढू शकतात; आणि ह्या मंडळांचा मूळ हेतू ह्यापेक्षा अधिक काही नव्हता.