यादीत नसलेली वाडी

पळसदरीच्या श्रोत्यांना इर्शाळगड परका नाही. त्याच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ताच राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे शासनाने सांगितले. यादी अपुरी होती, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ‘यादीत नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असेच आम्ही समजत आलो. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये गाडले गेले, तरी ती समजूत ढळली नाही. ‘येथील डोंगर अद्याप तपासलेला नाही’ असे शास्त्रज्ञाने मोकळेपणी सांगितले, तर त्याच्यावरचा आमचा विश्वास वाढेलच. विश्वासाला तडा जातो तो पोकळ निर्धास्तपणाने.