कॉटखालचं मशीन : सीपॅपचा इतिहास आणि मामांची झोप

मागच्या दिवाळीत मी मामांकडे, केज तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, तेव्हा झाडताना कॉटखाली एक काळी बॅग सापडली. आत सीपॅप मशीन, नळी, मास्क, सगळं जसंच्या तसं. मामा ट्रक चालवतात, ऊस हंगामात तर रात्री-अपरात्रीही. झोपेत श्वास थांबतो असं निदान होऊन तीन महिने झाले होते. विचारलं तर म्हणाले, "लावतो की रोज!" मामी स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "अकरा दिवस लावलं, मग गेलं खाली."

मामांना नाव ठेवण्याआधी मी माझ्या सवयीप्रमाणे जुने पेपर काढून बसले. त्यात कळलं ते असं, की या मशीनचा चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी "लोक ते काढून का ठेवतात" याचाच इतिहास आहे. रिसर्चला येऊ पाहणाऱ्यांनी तो वाचावा असा आहे, म्हणून हा लेख.

आधी आजाराला नाव मिळालं

आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोपेची खूण. "काय घोरत होता, कुंभकर्णच!" असं आपण कौतुकानं म्हणतो. तिकडेही फार वेगळं नव्हतं. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (1836-37) जो नावाचा एक लठ्ठ पोरगा उभ्या उभ्या झोपतो आणि वाचक हसतात. 1956 मध्ये बरवेल आणि सहकाऱ्यांनी त्या पुस्तकाच्या नावावरून 'पिकविकियन सिंड्रोम' हे नाव वापरलं. पण दिवसा येणाऱ्या झोपेचं मूळ रात्रीच्या श्वासात आहे, हे 1965 च्या सुमारास कळलं. तेव्हा फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांचा श्वास आणि मेंदूच्या लहरी एकत्र नोंदवल्या. 'स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम' हे नाव 1976 मध्ये गिलेमिनो यांनी रूढ केलं.

घडतं काय? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा मुळात अरुंद असतो, तो मिटतो. छाती श्वास ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, आणि पुन्हा तेच. तासाला पाचपेक्षा कमी वेळा झालं तर सामान्य, तीस किंवा त्याहून जास्त वेळा झालं तर तीव्र. माणसाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. आठ तास झोपलो असं त्याला वाटतं आणि दुपारी स्टिअरिंगवर डुलकी लागते.

व्हॅक्युम क्लीनरची मोटर

1980 पर्यंत तीव्र रुग्णासाठी खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनळीत नळी बसवायची. सिडनीतल्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये कॉलिन सलिव्हन काम करत होते. त्याआधी टोरंटोमध्ये त्यांनी झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनावर संशोधन केलं होतं, मास्क बसवायची सवय तिथलीच. जून 1980 मध्ये एका रुग्णानं गळ्याच्या ऑपरेशनला नकार दिला, पण सलिव्हन यांच्या प्रयोगाला तयार झाला. व्हॅक्युम क्लीनरची मोटर वापरून हवा ओढण्याऐवजी ढकलायची व्यवस्था केली, नाकावर मास्क बसवला आणि दाब हळूहळू वाढवत नेला. एका ठरावीक दाबाला श्वास थांबणं बंद झालं. दाब कमी केला की पुन्हा सुरू.

एप्रिल 1981 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पेपर आला. रुग्ण फक्त पाच. दाब 4.5 ते 10 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. माझी एमएस्सी फिजिक्सची, म्हणून हा आकडा मला फार आवडतो. वातावरणाचा दाब साधारण 1033 सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे ज्या दाबानं गळ्यावरची सुरी टळली, तो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का! हवा फुप्फुसात कोंबायची नसते. घसा मिटू नये म्हणून आतून हवेचा आधार द्यायचा असतो.

पाच जणांचा पेपर पुरेसा का ठरला? कारण परिणाम डोळ्यांसमोर होता, आणि प्रत्येक रुग्ण स्वतःचीच तुलना होता : दाब चालू, दाब बंद. सॅम्पल साइज किती हवी हे परिणाम किती ठळक आहे यावर ठरतं. मुलाखतीत हे विचारतात, लक्षात ठेवा.

तासांचा प्रश्न

सुरुवातीला मास्क रोज रात्री सिलिकॉननं चेहऱ्याला चिकटवायला लागायचा. ब्लोअरचा आवाज वेगळाच. पुढे तयार मास्क आले, 1989 मध्ये सिडनीतच कंपनी उभी राहिली, मशीन घरी गेलं. आणि मग प्रश्न उभा राहिला, की लोक खरंच वापरतात का?

1993 मध्ये क्रिब्ज आणि सहकाऱ्यांनी 35 रुग्णांच्या मशीनमध्ये मास्कवरचा दाब मिनिटामिनिटाला नोंदवणारं यंत्र बसवलं. रुग्णांना ते माहीत नव्हतं. (आजच्या एथिक्स कमिटीपुढे हा मुद्दा कसा मांडाल, विचार करा.) 60 टक्के लोक म्हणाले, रोज लावतो. प्रत्यक्षात 70 टक्के दिवस किमान चार तास वापरणारे 35 पैकी 16 निघाले. आमचे मामा एकटे नव्हते तर!

याचे परिणाम मोठ्या अभ्यासातही दिसतात. 2016 मध्ये 'सेव्ह' चाचणी प्रसिद्ध झाली. 2717 रुग्ण, सात देश, त्यात भारतही. सीपॅपनं हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना कमी झाल्याचं दिसलं नाही. दिवसाची झोप आणि मनःस्थिती मात्र सुधारली. पण वापर होता सरासरी रात्री 3.3 तास. उपाय निकामी, की मात्रा अपुरी? हा वाद अजून चालू आहे.

बारीक दुरुस्त्या

इथून इतिहास मशीनच्या ताकदीकडून सोयीकडे वळतो. मला सगळ्यात उपयोगी पडला तो 1996 चा सिडनी गटाचाच पेपर. नाकातून दाबानं आलेली हवा तोंडावाटे गळत राहिली, तर नाकावरून एकाच दिशेनं कोरडा वारा वाहतो. नाकाचं अस्तर सुजतं, नाक चोंदतं, म्हणून माणूस आणखी तोंड उघडतो, आणि गळती आणखी वाढते. आत जाणारी हवा कोमट आणि दमट केली की हे चक्र बरंचसं तुटतं. म्हणून मशीनला पाण्याची टाकी आणि हीटर आले.

मामांचं नेमकं हेच झालं होतं. "सकाळी नाक पॅक, घसा कोरडा ठाक." टाकी कोरडीच होती, कारण पाणी घालायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मशीनमधल्या नोंदी पाहिल्या : अकरा रात्री, सरासरी दोन तास, गळती भरपूर. त्या घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दाब बदलायचा की नाही हे त्यांनीच ठरवायचं. त्यांनी दाब तसाच ठेवला, मास्क एक नंबर लहान दिला, आणि बाकीचं आम्ही घरी केलं.

मास्क बसून नाही, आडवं होऊन, मशीन चालू ठेवून बसवला. पट्टे सैल केले. मामांनी गळती थांबवायला ते करकचून आवळले होते. पण मास्कची गादी हवेनं फुगून चेहऱ्याला चिकटते, जास्त आवळली की चुरगळते आणि उलट गळते. रॅम्प चालू केला, म्हणजे दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू चढतो. टाकीत बोअरचं पाणी घालायचं नाही असं ठरवलं, आमच्याकडे त्याचा पांढरा थर पातेल्यालाही बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणलं. डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड व्हायला लागली, तर नळी गोधडीखालून घेतली आणि दमटपणा एक अंकानं उतरवला. लाइट जाते त्या रात्री इन्व्हर्टरवर हीटर बंद ठेवायचा, जास्त वीज तोच खातो. आणि पहिला आठवडा संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचं. मामी म्हणाल्या, "विमान चालवायला निघाले जणू."

एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि वहीत लिहिली. म्हणून नेमकं कशानं काय झालं ते कळलं. फेब्रुवारीत सरासरी साडेपाच तासांवर आली.

न मोजलेली माणसं

मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा 2004 चा अभ्यास आपल्याकडचा पायाभूत. 35 ते 65 वयाच्या 658 शहरी पुरुषांची प्रश्नावली, त्यातल्या 250 जणांची घरीच रात्रभर तपासणी. अंदाज असा निघाला, की झोपेत श्वास अडखळणारे 19.5 टक्के, आणि त्याबरोबर दिवसा झोप येणारे 7.5 टक्के.

शीर्षकातच 'शहरी' आणि 'पुरुष' असं प्रामाणिकपणे लिहिलंय. पेपर वाचताना असे शब्द अधोरेखित करा, पुढचा प्रश्न तिथेच असतो. ऊसतोडीला जाणारी बाई, जी पहाटे उठते आणि दिवसभराच्या थकव्याला "कामाचा शीण" म्हणते, ती या आकड्यांत नाही. रात्रीचा ट्रक चालवणारा केजचा माणूसही नाही. मामी रात्री घोरतात हे मला दिवाळीत कळलं. सगळे हसले, मीही हसले. आता त्यांची तपासणी करून घ्यायची आहे. त्या म्हणतात, उसाचा हंगाम संपू दे.