रस्त्यावर घडत गेलेली गोल्ड विंग

१९७४च्या शरद ऋतूत जर्मनीतल्या कोलोनच्या मोटरसायकल प्रदर्शनात होंडाने आपली गोल्ड विंग जीएल १००० मांडली, तेव्हा तिच्यावर ना वारा अडवणारी काच होती, ना सामानाच्या पेट्या, ना रेडिओ. रुंद इंजिन, लांब सीट आणि साधं हँडल, एवढाच तिचा थाट. पुढच्या दशकात हीच गाडी आलिशान टुरिंग मोटरसायकलचा मापदंड ठरली. तिला ते रूप देण्यात होंडाच्या अभियंत्यांइतकाच वाटा ती चालवणाऱ्या अमेरिकन माणसांचा आहे.

होंडाच्या मनात मुळात वेगळंच होतं. १९६९च्या सीबी ७५० ने कंपनीला मोठ्या गाड्यांच्या बाजारात नाव मिळवून दिलं, पण १९७२ मध्ये कावासाकीची ९०३ सीसीची झेड-१ आली आणि मान तिच्याकडे गेला. तो परत मिळवायचा, आणि असा की कुणी पुन्हा हात लावू नये, या जिद्दीने १९७२ मध्येच काम सुरू झालं. सूत्रं होती शोइचिरो इरिमाजिरी यांच्याकडे. साठच्या दशकात माइक हेलवुडने जिच्यावर जगज्जेतेपद मिळवलं, त्या सहा सिलिंडरच्या २५० सीसी रेसिंग गाडीमागचा हा अभियंता. त्यांच्या चमूने एम-१ नावाची प्रायोगिक गाडी बांधली: आडव्या मांडणीचे सहा सिलिंडर, १४७० सीसी, मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट. इंजिन अप्रतिम होतं, पण लांबीमुळे चालवणाऱ्याला पाय ठेवायला जागा अपुरी पडू लागली. शेवटी तोशिओ नोझुए यांच्या देखरेखीखाली चार सिलिंडरची, ९९९ सीसीची, पाण्याने थंड होणारी गाडी बाजारात आली.

तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जिथे पेट्रोलची टाकी दिसते तिथे टाकी नव्हतीच. त्या कवचाखाली विजेची जोडणी होती आणि सुरुवातीच्या गाड्यांत सुटी किकही तिथेच ठेवलेली असे. खरं पेट्रोल होतं सीटखाली, म्हणजे वजन जमिनीजवळ. आडव्या इंजिनाचंही तेच. दुसरी युक्ती गाडी उभी असतानाच कळते. क्रँक लांबीच्या दिशेने बसवलेल्या मोटरसायकलला जागेवर रेस दिली की ती एका अंगाला झुकू पाहते. जुन्या बीएमडब्ल्यूवर बसलेल्यांना हा झटका चांगला ठाऊक आहे. होंडाने जनरेटर क्रँकच्या उलट दिशेने फिरवला आणि तो झटका तिथल्या तिथे जिरवला. गोल्ड विंगच्या टेस्ट राइडची सुरुवात म्हणूनच गाडी न हलवता, स्टँड काढून नुसती रेस देऊन करता येते.

पण ज्या देशासाठी ती बनवली, तिथे वेगाचेच दिवस फिरले होते. तेलसंकटानंतर जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेने महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घालणारा कायदा केला. ताशी १९० किलोमीटरच्या आसपास धावू शकणारी गाडी हातात, आणि समोर १९५६च्या कायद्याने उभं राहू लागलेलं इंटरस्टेट रस्त्यांचं जाळं: सरळ, न संपणारं. अशा रस्त्यावर दिवसभर बसायचं तर छातीवरचा वारा, आखडलेली पाठ आणि मागे बसलेल्या बायकोचे हाल हेच खरे प्रश्न. लोकांनी उत्तरं स्वतः शोधली. इलिनॉय राज्यातल्या रँटूलमध्ये क्रेग व्हेटर विंडजॅमर नावाचं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, बनवत असे. ते गोल्ड विंगवर चढलं. पेट्या चढल्या, रुंद सीट आली, रेडिओ आला. १९७७ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये गोल्ड विंगवाल्यांची स्वतंत्र संघटनाही उभी राहिली.

होंडाने हे नीट पाहिलं आणि मनावर घेतलं. कंपनीच्या मोठेपणाची खूण इथे आहे, असं ठामपणे म्हणता येईल. १९८०च्या जीएल ११००ची इंटरस्टेट आवृत्ती कारखान्यातूनच फेअरिंग आणि पेट्या लावून निघाली. त्याच वर्षी उत्पादन ओहायोतल्या मेरिसव्हिलला गेलं. जपानी गाडी आता अमेरिकन कामगारांच्या हातून बनू लागली आणि २००९ पर्यंत बनत राहिली. त्यानंतर ती जपानला, कुमामोतोच्या कारखान्यात परतली.

सोयी वाढल्या तसं वजनही वाढलं. पहिली गाडी पेट्रोल-तेल सोडून २६५ किलोंची. १९८८ची जीएल १५०० तिच्याहून सुमारे शंभर किलोंनी जड. तिच्यात १५२० सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. एम-१ची कल्पना सोळा वर्षांनी फळाला आली, आणि ही गाडी घडत असताना मेरिसव्हिलच्या कारखान्याचे प्रमुख होते तेच इरिमाजिरी. एवढं धूड उतारावरच्या पार्किंगमधून मागे ओढायचं कसं? स्टार्टर मोटरच्या जोरावर चालणारा रिव्हर्स होंडाने याच गाडीला दिला. २००६ मध्ये एअरबॅगही आली. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलवर ती पहिलीच.

अमेरिकेतल्या डेटोना आणि लेक जॉर्जच्या मोटरसायकल मेळ्यांत कंपन्या आपल्या नव्या गाड्या लोकांना चालवायला देतात. ठरलेला रस्ता, पुढे एक मार्गदर्शक, मागे एक, मध्ये रांगेने हौशी माणसं. प्रथा चांगली आहे, पण अशा मोकळ्या रस्त्यावर मोठी गाडी प्रत्येकालाच आवडते. तिची खरी परीक्षा चालण्याच्या वेगाने होते: अरुंद जागेतला यू टर्न, सिग्नलला खडीवर टेकलेला पाय, डबलसीट असताना थांबणं. गोल्ड विंग इथे टिकते ती पहिल्या दिवसापासून खाली ठेवलेल्या वजनामुळे. २०१८च्या नव्या रचनेत होंडाने तिचं वजन चाळीसेक किलोंनी उतरवलं आणि पुढच्या चाकाला नेहमीच्या फोर्कऐवजी दुहेरी विशबोन दिला. रस्त्याचा दणका हँडलपर्यंत कमी पोचतो, हे पहिल्याच खड्ड्यात जाणवतं.

२०२२ मध्ये भारतात गोल्ड विंग टूरची शोरूम किंमत ३९ लाख २० हजार रुपये होती. महाराष्ट्रात मात्र तिला साजेसे दोन रस्ते, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, दुचाकींना बंद आहेत. तेव्हा ज्यांची ऐपत आणि हौस दोन्ही आहेत, त्यांनी टेस्ट राइडला जाताना नेहमी मागे बसणाऱ्या माणसाला सोबत न्यावं, शोरूमच्या दारातच एक यू टर्न घेऊन पाहावा, आणि गाडीबद्दलचं पहिलं मत त्या मागच्या माणसाला विचारावं.