शंभर वर्षांचं मंडूर आणि आजची गोळी

आजचा विषय औषधाच्या दुकानात सुरू होतो. ‘नैसर्गिक खनिजं’ असं लिहिलेली बाटली आपण हातात घेतो. लोह, जस्त, सेलेनियम, सगळं निसर्गातलं म्हणून निर्धास्त. पण निसर्गातलं म्हणजे शुद्ध का? हा प्रश्न आजचा नाही. आपल्याकडे तो फार जुना आहे, आणि जालन्यात तर तो रस्त्यावर पडलेला दिसतो.

जालना आज लोखंडी सळयांचं गाव म्हणून ओळखलं जातं. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि वर तरंगणारी मळी बाजूला काढली जाते. आता गंमत पाहा. लोखंडाच्या याच मळीला आपल्या जुन्या वैद्यकात ‘मंडूर’ म्हणतात, आणि पांडुरोगावर, म्हणजे अंग पांढरं पडून थकवा येतो त्यावर, मंडुराचं भस्म देत. पुनर्नवामंडूर हे नाव आजही वैद्यांच्या तोंडी आहे. लोहाची कमतरता लोहानेच भरायची, ही कल्पना आपल्याकडे गोळ्यांच्या कितीतरी आधीची.

पण कुठलंही मंडूर चालत नसे. रसशास्त्राचा दंडक असा की शंभर वर्षं पडून राहिलेलं मंडूर उत्तम, ऐंशी वर्षांचं मध्यम, साठ वर्षांचं कनिष्ठ, आणि त्याहून ताजं ते विषासारखं. तेही उचललं आणि कुटलं असं नाही. लालबुंद तापवून गोमूत्रात विझवायचं, हे अनेकदा करायचं, मग काढ्यात खलून पुटं द्यायची. म्हणजे ‘नैसर्गिक’ या शब्दावर त्या लोकांचा काडीचाही विश्वास नव्हता. वस्तू कुठली, किती जुनी, तिच्यावर काय संस्कार झाले, हे आधी विचारायचं.

भस्म तयार झालं की त्याची परीक्षा. चिमूट पाण्यावर टाकली तर तरंगली पाहिजे, ती वारितर परीक्षा. दोन बोटांत घासल्यावर बोटांच्या रेषांत भरली पाहिजे, ती रेखापूर्ण. ठरावीक द्रव्यांबरोबर तापवलं तरी मूळ धातू परत दिसता कामा नये, ती अपुनर्भव. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात हा सगळा विषय येतो.

या परीक्षांचा आम्हाला अभिमान आहे, पण त्यांची मर्यादाही सांगायला हवी. भस्म किती बारीक झालं आणि मूळ धातू उरला का, एवढं त्यांतून कळतं. त्यात दहा लाख भागांत किती भाग शिसं मिसळलंय, हे बोटांच्या रेषांना कळत नाही. आजच्या भंगारात रंग दिलेले पत्रे असतात, जस्ताचा मुलामा असतो. त्या मळीला जुन्या मंडुराचा दंडक कसा लावणार?

मग कायदा कुठे होता? औषधांचा कायदा १९४० साली झाला, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानात. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९४८ साली संस्थान भारतात आलं, १९५१ साली कायदाही आला. तरी आयुर्वेदिक औषधं त्याच्या बाहेरच होती. ती १९६४ च्या दुरुस्तीने आत आली. तोवर सगळी भिस्त वैद्यावरच्या विश्वासावर. वैद्य गावातला, तीन पिढ्यांच्या ओळखीचा असेल तर ते निभावलं. पुडी जत्रेतून आली तर विचारायचं कुणाला?

धक्का बसला तो २००४ साली, तोही बाहेरून. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी ७० उत्पादनं तपासली गेली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आपल्याकडे पुष्कळ जण चिडले. भस्माची रीतच वेगळी, असं म्हणाले. त्यात तथ्य आहे, पण ते उत्तर पुरत नाही. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. मर्यादा दहा लाख भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. निर्यातीसाठी आधी! परदेशातलं पोट जपलं, मग घरातल्या पोटाचं काय, असं कुणी विचारलं तर आम्हाला ते गैर वाटत नाही.

खनिजं नकोत, असं आम्ही म्हणत नाही. बाळंतिणीला लोह लागतंच. पण प्रमाण सुटलं की निसर्गही सोडत नाही. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड नैसर्गिकच आहे, आणि त्यानेच दात डागाळतात, हाडं वाकतात.

तेव्हा बाटली हातात घेतली की जुन्या वैद्याचेच प्रश्न विचारा. हे आलं कुठून? यावर काय प्रक्रिया झाली? किती घ्यायचं, आणि कुणाच्या देखरेखीखाली? आणि एक नवा प्रश्न जोडा: या घाण्याचा, या बॅचचा जड धातूंचा तपासणी अहवाल आहे का? पुडीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक नसेल तर ती पुडी पोरांच्या, गरोदर बाईच्या तोंडात जाऊ देऊ नका. शंभर वर्षं थांबायला सांगणाऱ्या माणसांचे आपण वारस आहोत. एक अहवाल मागायला पाच मिनिटं लागतात.

आता प्रश्न घेऊ.